किरणांचा हिशेब

आपल्या मंडळींत काही दुखण्यांची नावे उच्चारण्याचा प्रघात नाही. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांची चर्चा तेफिला आटोपल्यावर चहाच्या पेल्याबरोबर मोकळेपणाने चालते. परंतु स्तनाच्या कर्करोगाचा विषय निघाला की बायका आवाज उतरवितात, पुरुष खिडकीबाहेर पाहू लागतात, आणि ‘तिला ते झाले आहे’ एवढ्यावर वाक्य संपते. भायखळ्याला असताना हेच होते. इल्फर्डला येऊन इतकी वर्षे लोटली तरी त्यात फारसा पालट झालेला नाही. नाव टाळल्याने रोग टळत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. पण नाव टाळले म्हणजे त्याविषयीचे प्रश्नही टळतात, आणि ते मनात दाबून माणसे उपचार घेतात किंवा अर्ध्यावर सोडतात, याचा विचार होत नाही. आमच्या थोरल्या भगिनींस गेल्या वर्षी हा रोग असल्याचे निघाले. उपचार चालू असताना त्यांनी एक प्रश्न विचारला. तो प्रश्न आणि त्याचे उत्तर इतर भगिनींस उपयोगी पडावे म्हणून, त्यांच्या संमतीने, हे लिहीत आहोत.

ताई चौसष्ट वर्षांच्या. या देशात पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत स्त्रियांस दर तीन वर्षांनी छातीच्या क्ष-किरण तपासणीचे बोलावणे येते. त्या तपासणीत डाव्या बाजूस गाठ आढळली. शस्त्रक्रिया होऊन गाठ निघाली. काखेतील ग्रंथींतही रोगाचा अंश सापडल्यामुळे पुढे किरणोपचार ठरले: सोमवार ते शुक्रवार, तीन आठवडे, एकूण पंधरा वेळा. गुडमेझचे किंग जॉर्ज रुग्णालय आम्हां इल्फर्डकरांस जवळचे. पण किरणोपचाराची यंत्रे रॉमफर्डच्या क्वीन्स रुग्णालयात आहेत. तेव्हा रोज एलिझाबेथ लाइनची गाडी धरायची, सेव्हन किंग्ज, गुडमेझ, चॅडवेल हीथ अशी स्थानके मागे टाकीत रॉमफर्डला उतरायचे आणि पुढे बस. दिवस नोव्हेंबरअखेरचे आणि डिसेंबरचे. शुक्रवारी साडेतीनच्या सुमारासच शब्बाथचे दिवे लावावे लागत, म्हणून शुक्रवारची वेळ सकाळची मागितली. ती विनातक्रार मिळाली. शाळेचे वेळापत्रक सांभाळून जमेल तितके दिवस आम्ही सोबत जात असू, उरलेले दिवस भाचा.

आपल्याकडे या उपचारास ‘शेक देणे’ म्हणतात. कुणी ‘लाइट घेणे’ असेही म्हणतात. आमच्या मावशीला पन्नासएक वर्षांपूर्वी परळच्या टाटा रुग्णालयात असेच शेक दिले होते. ते यंत्र कोबाल्टचे. मावशीच्या छातीवर जांभळ्या औषधाच्या रेघा आखलेल्या असत आणि त्या पुसू नयेत म्हणून तेवढ्या भागाला पाणी लावण्याची मनाई असे. आम्हांस हे अंधुक आठवते. ताई तेव्हा चौदा वर्षांच्या, त्यांस स्पष्ट आठवते. मावशीच्या कागदावर ‘पाच हजार रॅड’ असा आकडा होता. तो आकडा ताई कधी विसरल्या नाहीत. घरात कुणालाच त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि अर्थ ठाऊक नसलेला मोठा आकडा लहान मुलीच्या मनात कसा बसतो हे शिक्षकाच्या पेशातील माणसास सांगावयास नको.

रॅड हे माप आता मागे पडले. शंभर रॅड म्हणजे एक ग्रे. लंडनच्या वायव्येस नॉर्थवुड येथे माउंट व्हर्नन रुग्णालयात संशोधन केलेले लुई हॅरल्ड ग्रे या पदार्थवैज्ञानिकाच्या नावावरून १९७५ साली हे नाव रूढ करण्यात आले. एक किलो वजनाच्या शरीरभागात एक जूल ऊर्जा शोषली गेली म्हणजे एक ग्रे. ‘शेक’ या शब्दाने ऊब मिळत असावी असे वाटते, पण गणित करून पाहिले तर चाळीस ग्रेने शरीराचा तो भाग सुमारे एका अंशाच्या शंभराव्या हिश्श्याइतका तापतो. चहाच्या एका घोटाने याहून अधिक ऊब येते. किरणांचे काम उष्णतेने होत नाही. पेशीच्या गाभ्यातील आनुवंशिक धागे ते तोडतात. निरोगी पेशी आपले तुटलेले धागे बऱ्याच अंशी सांधून घेतात, रोगट पेशींस ते तितके साधत नाही. म्हणूनच सगळी मात्रा एकदम न देता रोज थोडी थोडी देतात.

ताईंना एकूण ४० ग्रे द्यावयाचे होते. पंधरांनी भागले म्हणजे दर वेळी सुमारे २.६७. प्रत्यक्ष उपचारापूर्वी सुमारे दोन आठवडे आधी त्यांस एका उतरत्या फळीवर, हात डोक्यामागे घेऊन निजविले आणि सीटी स्कॅन घेतला. हृदय, फुप्फुसे, दुसरे स्तन कुठे आहे हे त्यावरून आखून किरण कोणत्या कोनातून सोडावयाचे ते ठरते. हृदय डाव्या बाजूस छातीच्या भिंतीला टेकून असते. परंतु खोल श्वास घेऊन तो वीसएक सेकंद रोखला की फुप्फुस फुगते आणि हृदय भिंतीपासून मागे, खाली सरकते. म्हणून डाव्या बाजूच्या रुग्णांस श्वास रोखावयास शिकवितात. मग त्वचेवर खूण राहावी म्हणून सुईने तीन ठिपके गोंदले. तोरेत गोंदण निषिद्ध, म्हणून ताई अडखळल्या. आमच्या रब्बींना फोन केला. वैद्यकीय कारणासाठी केलेल्या खुणेस त्यांनी तत्काळ मुभा दिली. कोकणातल्या शेजारणींच्या कपाळावरचे गोंदण पाहून लहानपणी आपल्यालाही हवे म्हणून रडलेल्या ताईंना साठीनंतर असे गोंदण मिळाले. त्याबद्दल त्या एकदा हसल्या.

उपचारास आरंभ झाला. प्रत्येक दिवशी ठिपक्यांवर प्रकाशरेषा जुळवीत, ताईंना मिलिमीटर मिलिमीटरने सरकवीत, आणि मग किरण सोडण्यापूर्वी यंत्र एक चित्र घेई. चित्रात दिसणाऱ्या फासळ्या आणि उरोस्थी योजनेतील सीटीवर ठेवून पाहत, लागेल तसा पलंग हलवीत, आणि त्यानंतरच उपचार. पहिले तीन दिवस ताई काही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी, गुरुवारी सायंकाळी, एका हितचिंतक बाईंचा फोन आला. रोज रोज क्ष-किरण फोटो काढणे बरे नव्हे, त्यानेच दुसऱ्या बाजूस रोग होतो, असे काहीसे त्या म्हणाल्या. त्यांचा हेतू चांगलाच होता. हेतू चांगला असलेली अर्धी माहिती किती खोल रुतते याचा अनुभव आम्हांस त्या रात्री आला.

“उपचाराचे किरण मी घेईन,” ताई म्हणाल्या, “ते डॉक्टरांनी मोजून दिले आहेत. पण हे रोजचे फोटो? तेसुद्धा किरणच ना? ते कोण मोजते? पंधरा दिवसांचे मिळून किती होतात? तू गणित शिकवतेस ना, सांग मला.”

आमच्यापाशी उत्तर नव्हते.

“मग सोमवारपासून फोटोला मी नाही म्हणणार. उपचार तेवढा द्या म्हणेन.”

ताईंचा स्वभाव आम्ही जाणून आहोत. त्या ‘नाही म्हणणार’ म्हणाल्या म्हणजे म्हणणार. मुंबईपासून त्यांची जमाखर्चाची एक वही आहे. कोथिंबिरीची जुडीसुद्धा तीत लिहिली जाते. ज्याची नोंद नाही तो खर्च त्यांच्या लेखी चोरीचा. शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी गेलो तेव्हा हाच प्रश्न त्यांनी उपचार देणाऱ्या बाईंस विचारला. त्या बाईंनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. “तुम्ही विचारलेत ते योग्यच आहे. सोमवारी वीस मिनिटे लवकर या, भौतिकी विभागातील कुणीतरी तुमच्याबरोबर बसेल,” असे म्हणून त्यांनी नोंद करून ठेवली. त्या दिवसाचे चित्र ताईंनी काढू दिले, पण आनंदाने नव्हे.

मधले दोन दिवस आम्ही या विषयावर पुष्कळ विचार केला, आणि मदतीस आले ते आमचे अध्यापनाचे प्रशिक्षण. मुंबईत बी.एड. करताना वह्या तपासण्याविषयी एक गोष्ट आम्हांस शिकविली होती. एक मुलगा ‘पाणी’ हा शब्द प्रत्येक वेळी ह्रस्वच लिहितो. दुसरा घाईत कधी ह्रस्व, कधी दीर्घ, हाताला येईल तसे लिहितो. दोघांच्या वहीत दहा दहा चुका निघाल्या तरी त्या एका जातीच्या नव्हेत. पहिल्याला नियम एकदा समजावला की दहाही जातात. दुसऱ्याची वही मात्र रोज पाहण्यावाचून गत्यंतर नसते.

किरणोपचारात नेमक्या याच दोन जाती आहेत. योजनेच्या सीटीच्या दिवशी रुग्ण भ्यालेला, खांदे आवळलेले. पुढे सरावाने अंग सैल पडते आणि रोज तो तितकाच, एकाच दिशेने सरकलेला असतो. ही पहिल्या मुलाची चूक. श्वास कमी-अधिक घेतला जाणे, अंग किंचित वळणे, ही दुसऱ्याची. पूर्वी स्तनाच्या कर्करोगात ५० ग्रे पंचवीस दिवसांत देत. पहिले काही दिवस चित्रे घ्यावीत, सरासरी काढून कायमची चूक सुधारावी आणि मग आठवड्यातून एकदा पाहावे, अशी वहिवाट होती. पंचवीस दिवसांत आजचे इकडे, उद्याचे तिकडे होऊन उरलेली चूक पुष्कळशी फिटे.

पण दिवस कमी होत गेले. १९९९ ते २००२ या काळात या देशातील स्त्रियांवर झालेल्या ‘स्टार्ट’ या चाचण्यांनी पंधरा दिवसांचे ४० ग्रे पंचवीस दिवसांच्या ५० ग्रेइतकेच गुणकारी आहेत, आणि निरोगी भागास त्याहून अधिक बाधत नाहीत, असे दाखविले. पुढे चार हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले आणि केवळ पाच दिवसांत २६ ग्रे देण्याची पद्धत येथे रूढ झाली. ताईंच्या बाबतीत काखेकडील व गळ्याच्या हाडाजवळील ग्रंथीही किरणक्षेत्रात घ्यावयाच्या असल्याने पंधराच दिवस ठेवले. आता भागाकार पाहा. पंचवीस दिवसांत एक दिवस चुकला तर पंचविसावा हिस्सा चुकला, पंधरांत पंधरावा, पाचांत एकदा नेम चुकला तर एकूण उपचाराचा पाचवा हिस्सा भलत्या ठिकाणी गेला. परीक्षा पाचच प्रश्नांची असेल तर प्रत्येक उत्तर पुन्हा वाचावे लागते. रोजच्या चित्राचा आग्रह वाढला त्यामागे हेही एक कारण आहे.

नेम चुकला तर काय होते याचा या देशास कडू अनुभव आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेतलेल्या काही स्त्रिया एकत्र आल्या. उपचारानंतर काही काळाने त्यांचे हात बधिर झाले होते, कित्येकींचे लुळे पडले होते, वेदना थांबत नव्हत्या. खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंस किरणांनी इजा केली होती. त्यांनी ‘रेज’ नावाची संघटना काढली आणि हे कसे झाले याचे उत्तर मागितले. रॉयल कॉलेजने स्वतंत्र पाहणी करविली. १९९५ च्या अहवालात एक प्रमुख कारण पुढे आले ते असे की, स्तनावरील आणि काखेवरील किरणांच्या मधल्या वेळात रुग्णाची बैठक बदलली जाई, त्यामुळे दोन क्षेत्रे एकमेकांवर चढत आणि मधल्या पट्टीस दुहेरी मात्रा बसे. यंत्र बरोबर, आकडा बरोबर, आणि तरीही मात्रा चुकीची, कारण माणूस जागचा हलला होता. या स्त्रियांविषयी आपल्या मंडळींत कुणी बोलल्याचे आम्ही ऐकले नाही. ज्या नियमांचा आज ताईंना लाभ झाला त्यांत त्यांच्या हट्टाचा वाटा मोठा आहे, असे आम्हांस वाटते.

सोमवारी भौतिकी विभागातील एक तरुण गृहस्थ एका लहान खोलीत आमच्याबरोबर बसले. ताईंनी वही काढली. ते पाहून ते प्रथम चकित झाले, मग खुर्ची पुढे ओढून बसले.

कोण मोजते, याचे उत्तर त्यांनी आधी दिले. रोज सकाळी पहिल्या रुग्णापूर्वी यंत्राचा मारा मापकाने तपासतात. तो मापक ज्याच्याशी ताडून पाहिलेला असतो त्याचे मूळ प्रमाण टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत असते. ही शिस्तही अनुभवातूनच कडक झाली आहे. १९८८ साली एक्झिटर येथे कोबाल्टच्या नव्या स्रोताचे माप घेताना चूक झाली आणि लक्षात येईपर्यंत दोनशेहून अधिक रुग्णांस पंचवीस टक्के अधिक मात्रा गेली होती. चित्रांच्या बाबतीत, २०१७ चे वैद्यकीय किरणवापराचे नियम उपचाराच्या किरणांइतकेच चित्राच्या किरणांस लागू आहेत. प्रत्येक चित्रास कारण असले पाहिजे, मात्रा शक्य तितकी कमी ठेवली पाहिजे, तिची नोंद झाली पाहिजे, आणि लाभ व धोका दोन्ही रुग्णास शक्यतो आधी सांगितले पाहिजेत. म्हणजे ताईंचा प्रश्न उपकार म्हणून ऐकून घेतला जात नव्हता. तो कायद्यातच होता.

मग आकडे. चित्राची मात्रा यंत्रागणिक आणि चित्राच्या प्रकारागणिक बदलते. समोरून व बाजूने घेतलेल्या दोन सपाट चित्रांस फार थोडे किरण लागतात. यंत्र छातीभोवती फिरून सीटीसारखे भरीव चित्र घेते त्यास अधिक. हिशेबापुरते भरीव चित्रास पाच मिलिग्रे धरू, असे ते म्हणाले. पंधरा दिवसांचे झाले पंच्याहत्तर मिलिग्रे. उपचाराचे ४० ग्रे म्हणजे चाळीस हजार मिलिग्रे. चाळीस हजारांत पंच्याहत्तर, म्हणजे शेकडा पाव टक्कासुद्धा नव्हे.

येथे ताईंनी पेन्सिल खाली ठेवली, पण आम्ही हात वर केला, शिक्षकाची खोड. छेद बरोबर निवडला आहे का, असे आम्ही विचारले. ते चाळीस हजार रोगाच्या जागी जातात. भरीव चित्राचे किरण तर उजव्या स्तनावर, दोन्ही फुप्फुसांवर, हृदयावर सर्वत्र पसरतात, आणि त्या भागांस उपचाराचे किरण मुळात थोडेच मिळावयाचे असतात. गृहस्थ म्हणाले, “हाच खरा प्रश्न आहे.” समजा हृदयास उपचारातून सरासरी २ ग्रे जात असतील, तर दोन हजारांत पंच्याहत्तर, म्हणजे जवळजवळ चार टक्के. हा आकडा पाव टक्क्याइतका नगण्य खास नव्हे. मोठ्या संख्येने भागून लहान उत्तर दाखविणे वर्गात आम्ही चालू देत नाही. त्यांनीही ते चालविले नाही, यामुळे पुढचे सारे आम्ही विश्वासाने ऐकले. काही पत्रकांतून अशा वेळी विमानप्रवासाची आणि केळ्यांची उपमा देतात. ती आम्हांस रुचत नाही. विचारलेल्या प्रश्नाला आकडा द्यावा, फळ देऊ नये.

आता जमेची बाजू. ऑक्सफर्डच्या सारा डार्बी आणि सहकाऱ्यांनी स्वीडन व डेन्मार्कमधील २१६८ स्त्रियांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. स्तनाच्या किरणोपचारात हृदयास मिळालेल्या सरासरी मात्रेच्या दर एका ग्रेमागे हृदयविकाराच्या गंभीर घटनांचे प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढते, आणि अमुक मात्रेखाली धोका नाही अशी रेषा दिसत नाही, असे त्यात आढळले. या हिशेबाने चित्रांचे पंच्याहत्तर मिलिग्रे ही वाढ अर्ध्या टक्क्याच्या आसपास नेतात. तीही मूळ धोक्याच्या अर्धा टक्का, शंभर स्त्रियांमागे अर्धी नव्हे. उलट श्वास नीट रोखला गेला तर कित्येक रुग्णांत हृदयाची मात्रा एकदोन ग्रेने, म्हणजे हजार-दोन हजार मिलिग्रेने घटते. तो खरोखर नीट रोखला गेला की नाही हे चित्रावाचून खात्रीने सांगता येत नाही. शिवाय जागेची खात्री असेल तर किरणक्षेत्राच्या कडेस ठेवावी लागणारी जास्तीची पट्टी अरुंद ठेवता येते, तेणेकरूनही निरोगी भाग वाचतो. पंच्याहत्तर खर्चून हजार वाचत असतील, तर पंच्याहत्तर टाळणे ही काटकसर नव्हे.

दुसऱ्या स्तनात रोग होण्याची भीती सर्वस्वी खोटी आहे असे ते म्हणाले नाहीत. तरुण स्त्रियांच्या बाबतीत ती अधिक विचारात घ्यावी लागते. चौसष्टाव्या वर्षी ती फार थोडी. म्हणूनच रोज भरीव चित्र घेतलेच पाहिजे असे नाही. सपाट चित्राने काम भागेल त्या दिवशी सपाट, आणि स्तनाचा आकार पाहणे जरूर असेल तेव्हाच भरीव, असे ताईंच्या योजनेत आधीच लिहिलेले होते. शस्त्रक्रियेच्या जागी पाणी साठते वा ओसरते, सूज येते, आणि आकार बदलला की योजनेतील मात्रा व प्रत्यक्ष पोहोचलेली मात्रा यांत अंतर पडते. भरीव चित्रावरून ते पुन्हा मोजता येते, आणि गरज पडल्यास योजना बदलता येते.

जाता जाता त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती आमच्या मनात राहिली आहे. कड्याच्या आकाराचे ‘हॅल्सियन’ नावाचे एक यंत्र २०१७ साली बाजारात आले. त्या दिवशीचे चित्र घेतल्यावाचून ते उपचाराचे किरण सोडतच नाही. त्याच्या पहिल्या आवृत्तीत चित्र उपचाराच्याच जोरकस किरणांनी घेत, त्यामुळे चित्राची मात्रा अधिक असे. मग बनविणाऱ्यांनी काय केले? ती मात्रा उपचाराच्या योजनेतच मिळवून, दोन्हींची एकत्र बेरीज करून हिशेब मांडला. हे ऐकून ताई म्हणाल्या, “असेच हवे. वरखर्च वेगळा लिहिला की बेरीज कधी जुळत नाही.” त्या गृहस्थांना आम्ही याचे भाषांतर करून सांगितले. त्यांनी ते आपल्या कागदावर टिपून घेतले.

त्या दिवशी ताईंनी चित्रास नकार दिला नाही. वहीत मात्र एक नवे पान उघडले: डावीकडे तारीख, मग उपचार, मग चित्र, सपाट की भरीव.

दुसऱ्या आठवड्यात ताईंना सर्दी झाली. बुधवारी चित्र घेतले आणि किरण सुटण्याऐवजी दार उघडून बाई आत आल्या. खोकल्याच्या भीतीने ताईंनी श्वास अर्धाच घेतला होता. बाहेरच्या ठिपक्यांवरून सारे ठीक भासत होते, पण चित्रातील उरोस्थी योजनेपेक्षा सात-आठ मिलिमीटर मागे होती, आणि हृदय तितकेच पुढे. ताईंना उठवून बसविले, कोमट पाणी दिले, दहा मिनिटे थांबले, श्वासाची उजळणी करविली आणि पुन्हा चित्र घेतले. या वेळी जुळले. उपचार झाला. बाहेर आल्यावर आम्ही काही विचारण्यापूर्वीच ताईंनी पर्समधून वही काढली आणि त्या तारखेसमोर चित्रांच्या रकान्यात ‘२’ लिहिले. खर्च दुप्पट झाला म्हणून त्या कुरकुरल्या नाहीत. गाडी चॅडवेल हीथला येईपर्यंत गप्प होत्या, मग म्हणाल्या, “मी नाही म्हटले असते तर आज कुणाला कळले असते?”

उपचार डिसेंबरच्या मध्यास पुरे झाले. त्वचा लाल झाली, शेवटी थोडी सोलली, चार आठवड्यांत निवळली. थकवा अजून आहे. दुपारी त्या झोपतात, पूर्वी कधी झोपत नसत. ज्या बाईंचा फोन आला होता त्यांस ताईंनी स्वतः फोन करून घरी बोलाविले, चहा दिला आणि वहीचे पान दाखविले. त्या बाईंच्या सुनेस आता तपासणीचे बोलावणे आले आहे, तेव्हा ती भेट वेळेवर झाली.

वाचक भगिनींपैकी कुणावर हा प्रसंग आला तर योजनेच्या सीटीच्या दिवशीच विचारावे: माझी चित्रे कोणत्या प्रकारची असतील, रोज भरीव चित्राची जरूर आहे काय, आणि त्यांची मात्रा कुठे नोंदली जाते. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागता येतो. रुग्णालयास आधी कळवावे. सुनेला वा मुलाला सोबत नेले तरी प्रश्न आपणच विचारावा, कारण मुले आपल्याला भीती वाटू नये म्हणून निम्मे उत्तर गिळतात.

पुढील पाच वर्षे ताईंना दर वर्षी मॅमोग्राम काढावा लागणार आहे. त्याच्या मात्रेविषयी त्यांनी आम्हांस विचारले तेव्हा दोन्ही बाजूंचे मिळून तीनचार मिलिग्रेच्या आसपास असे आम्ही सांगितले. वहीच्या त्याच पानावर खाली पाच ओळी आखून ठेवल्या आहेत.